चौथा इंजेक्टर

घोलवड
३ डिसेंबर २०१७

दिशा,

माझं अक्षर बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. पप्पांची तब्येतही ठीक आहे. फोन केला असता तर तो तुला उचलावा लागला असता, नाहीतर वाजत ठेवावा लागला असता, आणि दोन्हीचा तुला त्रास. पत्राचं तसं नाही. नको वाटलं तर टेबलावर पडू दे.

काम आहे म्हणून लिहिते. लाल गाडीची चावी तुझ्याकडे आहे का? एक भावेशच्या खिशात असायची, ती त्या हॉस्पिटलच्या धावपळीत कुठे गेली कुणास ठाऊक. दुसरी तुझ्या जुडग्यात होती एवढं मला आठवतं.

झालं असं, की वाडीतल्या शेडचे पत्रे बदलायला काढलेत. यंदा इतकं गळलं की चिकूचे क्रेट ठेवायला कोरडी जागा उरली नाही. पत्रे उतरवायचे तर खालची गाडी हलवायला हवी. आपल्याकडे कामाला असतो तो लहान्या चार माणसं घेऊन आला, त्यांनी ताडपत्री ओढून काढली आणि मागून हात लावून उभे राहिले. तेवढ्यात पप्पा आले. भावेश गेल्यापासून या माणसाने त्या गाडीचं नाव काढलं नव्हतं. मी विषय काढला तर उठून जायचे. लहान्याला म्हणाले, "हात काढा. ती ढकलत न्यायची नाही. चालत बाहेर येईल."

"शेठ, ती बंद हाय ना," लहान्या बोलला.

"मग चालू होईपर्यंत पत्रे राहू देत."

माणसं परत गेली. नवे पत्रे अंगणात पडलेत, कोंबड्या त्यांच्यावर बसतात. मी पप्पांना काही विचारलं नाही. पण तीन वर्षांनी त्यांच्या तोंडून त्या गाडीबद्दल शब्द निघाला, तो मला वाया जाऊ द्यायचा नाही.

लोक अजून विचारतात, तुमचा मुलगा गाडीच्या शर्यतीत गेला ना? मी सांगते, नाही हो, तापाने गेला. त्या गाडीने त्याला कधी ओरखडाही काढला नाही. मग विचारतात, सून कुठे असते? पुण्याला, इंजिनं तपासायच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, असं सांगते. येते का, असं विचारायच्या आत मी निघते.

मला गाडीतलं काही कळत नाही. तुम्ही दोघं बोनेटमध्ये डोकं घालून बसायचात, मी चहा आणून ठेवायचे आणि तो निवून जायचा, एवढाच माझा संबंध. तरी चालू करून बघते.

चावी असेल तर कुरियरने पाठव. नसेल तर तसं कळव. बाकी काही लिहायलाच पाहिजे असं नाही.

मम्मी


घोलवड
२६ डिसेंबर २०१७

दिशा,

चावी मिळाली. भोवती कागद गुंडाळलेला होता, कोरा. मी तो दोन्ही बाजूंनी बघितला, उजेडातही धरला. मग माझं मलाच हसू आलं.

तलासरीला हायवेलगत चिमणचं दुकान आहे, ट्रकचे पंप आणि नोझल दुरुस्त करतो. रानशेतचा आहे. लहान्याच्या ओळखीने मी त्याला बोलावलं. गाडी ढकलत न्यायची नाही हा हुकूम, तेव्हा त्यालाच इथे यावं लागलं. येताना बॅटरी घेऊन आला. टाकीतलं पेट्रोल काढलं तर चहासारखं लाल, आणि वास असा की भिंतीला नुकताच रंग लावलाय. नवं पेट्रोल घातलं, पेट्रोलचा फिल्टर बदलला. चावी मीच फिरवली, कारण तो म्हणाला, "काकी, तुमच्या हातानं होऊ दे." आतून खर्र खर्र आवाज आला आणि काही झालं नाही. पुन्हा तेच.

मग त्याने बोनेटमधली एक जाड नळी सैल करून तिच्यात पिचकारीभर पेट्रोल मारलं आणि मला म्हणाला, मारा चावी. दिशा, ती बोलली! एकदाच गुरगुरली आणि बंद पडली.

"इंजिन जिवंत हाय," चिमण म्हणाला. "घास तोंडात जात नाय, येवढाच."

तो घास देणारे म्हणजे इंजेक्टर, चार आहेत. तुला मी काय सांगणार, पण मला समजलं ते असं: चिकू उतरवल्यावर हाताला चीक लागतो, तो वेळेवर धुतला नाही तर वाळून काळा बसतो आणि साबणानेही निघत नाही, तसं जुनं पेट्रोल त्या बारीक भोकांत वाळून बसलंय. चिमणने चारही काढून फडक्यात बांधले आणि तलासरीला नेले. मला म्हणाला, ट्रकचे नोझल मी डोळे मिटून करतो, पण हे पेट्रोलचे, शर्यतीच्या गाडीचे, कुणी जाणकार असेल तर दोन शब्द विचारून घेतो. मी तुझा नंबर दिला. चालेल ना? चालणार नसेल तर त्याचा फोन उचलू नकोस, त्याला वाईट वाटणार नाही.

अजून एक गोष्ट लिहू की नको असं करत होते. गाडीचं डावं दार लॉक होत नाही, तुला माहीत आहे. दुपारी जेवण झालं की पप्पा क्रेट मोजायला म्हणून शेडमध्ये जातात आणि त्या दारातून आत जाऊन बसतात. तुझ्या जागेवर. भावेश चालवायचा आणि तू शेजारी बसून पुढची वळणं सांगायचीस, त्या जागेवर. काही करत नाहीत, नुसते समोर बघतात. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. तूही कधी बोलू नकोस.

मम्मी


घोलवड
१५ जानेवारी २०१८

दिशा,

तिळगूळ पाठवलाय, बरोबर चिकूच्या सुक्या चकत्या आहेत. तुला आवडायच्या.

चिमणने तुला फोन केला त्याबद्दल लिहिते. मी परवा तलासरीला गेले होते, इंजेक्टर धुताना बघायला. ते मशीन त्याची बायको रूपी चालवते. लहानसं भांडं आहे, त्यात कसलंसं पाणी, बटण दाबलं की भांडं गुणगुणतं आणि इंजेक्टरच्या टोकातून काळं काळं सुटायला लागतं, शाईचा थेंब पाण्यात पडावा तसं. मी बघतच राहिले.

चिमणचे हात ग्रीसने भरलेले, म्हणून त्याने फोन स्टुलावर ठेवून स्पीकर लावला. आणि तू बोललीस.

मी तिथेच होते, दिशा. हाताच्या अंतरावर. तू सगळं ऐकवलंस त्याला, भोकात तार घालायची नाही, जुन्या रबरी रिंगा परत लावायच्या नाहीत, जाळ्या नव्या घालायच्या, काचेच्या नळ्यांत चौघांचं पेट्रोल सारखं भरलं पाहिजे, फवारा बारीक धुक्यासारखा यायला हवा, धार नको. चिमण "हाव ताई, हाव ताई" करत होता. तुझा आवाज थोडा जाड झालाय. सर्दी होती का?

मग त्याने विचारलं, "काकींना देऊ फोन?"

तू म्हणालीस, "मम्मी आहेत तिथे?"

मी हाताने नाही नाही केलं. का, ते मलाही सांगता येणार नाही. इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, आणि ते त्या दुकानात, मागे ट्रकचे हॉर्न वाजत असताना बोलायचं नव्हतं. चिमण बिचारा म्हणाला, "नाय, बाहेर गेल्यात."

मग म्हणालीस, "त्यांना मशीनजवळ जास्त वेळ उभं राहू देऊ नका. पेट्रोलच्या वासाने त्यांचं डोकं चढतं."

रूपीने माझ्याकडे बघितलं, उठली आणि मला बाहेर बाकड्यावर नेऊन बसवलं. पाणी आणून दिलं. डोकं खरंच चढलं होतं. पण मी रडत होते ते वासाने नाही.

मम्मी


घोलवड
१० मार्च २०१८

दिशा,

तुझं पत्र आलं. चार ओळींचं असलं तरी पत्रच. पप्पांना वाचून दाखवलं नाही, टेबलावर ठेवलं. संध्याकाळी ते दुसऱ्या बाजूला घडी घातलेलं सापडलं.

तू विचारलंस, पप्पा खरंच ठीक आहेत का. मागे मी लिहिलं ते पुरतं खरं नव्हतं. गेल्या श्रावणात त्यांच्या छातीत दुखलं, वापीला नेलं, अँजिओप्लास्टी झाली. आता चांगले आहेत, गोळ्या वेळेवर घेतात, शिडीवर चढू देत नाही. तुला कळवलं नाही कारण तू धावत आली असतीस, आणि मला तू धावत आलेली नको होतीस. सावकाश, मनाने आलेली हवी होतीस.

आता गाडीचं. तीन इंजेक्टर झकास झाले. रूपीने मला काचेच्या नळ्या दाखवल्या, तिन्हींत पेट्रोल एका रेषेत. चौथ्याचं मात्र वेगळंच. मशीन बंद केलं तरी तो टपकत राहतो. तीनदा धुतला, तरी टिप टिप. चिमण म्हणाला, ह्याचं आतलं बसकण गेलंय, तोंड घट्ट मिटत नाय, हा आता होणार नाय.

तू चिमणला नंतरच्या फोनवर सांगितलं होतंस, की तसाच, त्याच मापाचा मिळेपर्यंत थांबा. आम्ही थांबलो नाही. चूक माझीही आहे, मीच चिमणच्या मागे लागले होते. त्याने दुसऱ्या कुठल्याशा गाडीचा, दिसायला तसाच इंजेक्टर आणून बसवला. परवा दुपारी मी चावी फिरवली आणि गाडी लागली. लागली म्हणजे काय, अख्खी शेड थरथरायला लागली. चिमण ओरडला, "मिसिंग हाय, एक ठोका चुकतोय, पण चालू हाय!"

पप्पा घरात झोपले होते. ते तसेच, चप्पल न घालता, वाडीतून पळत आले. ज्या माणसाला डॉक्टरांनी जिनासुद्धा हळू चढायला सांगितलाय तो पळत आला. शेडच्या दाराशी पोचले आणि मागून काळा धूर निघाला, दोन आचके दिले आणि गाडी बंद पडली. पुन्हा लागली नाही. चिमणने प्लग काढला तर काजळीने माखलेला.

पप्पांनी दाराला हात टेकला. त्यांचा श्वास लागला होता. मला म्हणाले, "जाऊ दे. लहान्याला सांग, उद्या ढकलून बाहेर काढू."

मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पत्रे अंगणातच आहेत. पण दिशा, त्यांचा तो चेहरा मला पुन्हा बघायचा नाही. तसाच इंजेक्टर कुठे मिळेल, हे तूच सांग.

मम्मी


घोलवड
२० मे २०१८

दिशा,

इंजेक्टर पुण्यात शोधते आहेस हे वाचलं. सापडेल तेव्हा सापडू दे. आज वेगळंच लिहायचं आहे, आणि हे पत्र मी दोनदा फाडलंय.

या महिन्याच्या सुरुवातीला नाशिकहून तुझ्या आईचा फोन आला होता. आंब्याचं बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं. तुझ्या कंपनीत प्रविण म्हणून कुणी आहेत, त्यांनी तुला लग्नाचं विचारलंय. तू हो म्हणत नाहीस आणि नाहीही म्हणत नाहीस. का, तर घोलवडला कसं सांगायचं.

फोनवर मी छान बोलले. फार आनंदाची गोष्ट, म्हटलं. फोन ठेवला आणि मला राग आला. तुझा, की तुझ्या आईचा, की त्या न पाहिलेल्या प्रविणचा, माहीत नाही. पीठ मळत होते ते तसंच टाकून वाडीत गेले आणि शेवटच्या रांगेतल्या झाडाखाली बसून राहिले. ही गाडी आता कुणासाठी चालू करायची, असंही मनात आलं. तुला हे कळायला हवं म्हणून लिहिते. मी काही देवी नाही.

पुढचे काही दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. मग चिकू द्यायचं निमित्त काढून तलासरीला रूपीकडे गेले. का गेले? कारण तिला सांगितलं तर ते गावभर होणार नव्हतं. ती रिंगा पुसत होती. मी सांगत गेले, ती पुसत राहिली. मग म्हणाली, "काकी, मी पण दुसऱ्या घरची. तुम्हाला म्हाईत नाय?"

मला माहीत नव्हतं.

"पयला घरवाला विहिरीच्या कामावर मेला. मग मी सासूजवळच रायली. चिमण विचारायला आला तो मला नाय विचारायला आला, पयला सासूकडं गेला."

"ती काय म्हणाली?"

"बोलली, नेतोस तर ने, पण सणाला माझ्या दारात आणून सोडायची. लग्नात सगळ्यांच्या आधी तीच नाचली. अजून दिवाळीला आम्ही तिकडंच जातो. चिमणला पोरगाच बोलते ती."

"तिला वाईट नाही वाटलं?"

"वाटला ना! नाचताना रडत होती. रडली पण आणि नाचली पण." आणि रूपी हसायला लागली. "काकी, दोन्ही होतं एका वेळी. करून बघा."

परत येताना टमटममध्ये मी विचार करत होते. त्या बाईला मी कधी पाहिलेलं नाही, पण मला तिचा हेवा वाटला. तिने काही गमावलं ते गमावलंच, पण रूपी मात्र हातची जाऊ दिली नाही.

म्हणून आता सरळ लिहिते. तुझ्या मनात असेल तर हो म्हण. आमच्यासाठी थांबू नकोस. थांबलीस तर ते ओझं माझ्या डोक्यावर राहील, आणि माझी मान आधीच दुखते. एकच बघ. भावेशचं नाव तुझ्या बोलण्यात येतं तसंच येत राहील, त्यांच्यासमोरही. ते ऐकून त्यांचा चेहरा पडत नसेल, तर माणूस चांगला आहे असं समज.

पप्पांना मी सांगितलं. ते नळी ओढत झाडांना पाणी द्यायला गेले. त्या झाडांना लहान्याने सकाळीच पाणी दिलं होतं. मी अडवलं नाही.

त्यांच्याबद्दल आज तुला काही वचन देत नाही. माझं मात्र मनापासून आहे.

मम्मी


घोलवड
९ सप्टेंबर २०१८

दिशा,

तू गेल्यापासून घरात आवाज जास्त झालाय. कसला ते सांगते.

तुला वाटलं असेल, तू इंजेक्टर कुरियरने न पाठवता स्वतः घेऊन आलीस हे आम्ही सहज घेतलं. तू कळवलंस त्या दिवसापासून पप्पांनी मला तुझी ट्रेन किती वाजता येते हे इतक्यांदा विचारलं की मी चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लावलं. डहाणू रोडला तुला घ्यायला आले तेव्हा "आत्ताच आलो" म्हणाले ना? चहावाला आपल्या ओळखीचा आहे. त्याने सांगितलं, शेठनी इथे तीन चहा घेतले.

तू, चिमण आणि रूपी बोनेटवर वाकला होतात, त्यामुळे तुला मागचं काही दिसलं नसेल. तू खिशातून ती छोटी डबी काढलीस, नव्या इंजेक्टरच्या रिंगेला बोटाने तेल लावलंस आणि तो जागेवर दाबलास, तोवर पप्पा पालथ्या क्रेटवर बसले होते, दोन्ही मुठी मांडीवर. चिमणने दोनदा विचारलं, "ताई, गळती बघू का?" आणि तू दोनदा म्हणालीस, "थांबा, मीच बघते." मग तू चावी फिरवलीस.

मला वाटलं होतं, तशीच थरथरेल. पण ती लागली ती अशी, की मला पहिल्यांदा कळलंच नाही लागली म्हणून. तू पाय दिलास आणि तिने तो आवाज काढला. भावेश वाडीच्या रस्त्याला वळायचा तेव्हा मी स्वयंपाकघरात पोळीचा तवा चढवायचे, त्या आवाजावर. मी पप्पांकडे बघितलं. त्यांच्या मुठी सुटल्या होत्या आणि ते हसत होते, लहान मुलासारखे, तोंड उघडं ठेवून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्याचा त्यांना पत्ता नव्हता. रूपी म्हणाली होती तेच. दोन्ही एका वेळी.

तू गाडी शेडमधून बाहेर काढलीस आणि त्यांना म्हणालीस, "पप्पा, बसा ना." ते नको म्हणाले, म्हणून तू खट्टू झालीस, मला दिसलं. आपण तिघी बोर्डीच्या समुद्रापर्यंत जाऊन आलो तेवढ्यात ते चिमणशी बोलले. चिमणने मला नंतर सांगितलं. म्हणाले, "मी बसलो असतो तर आवाज बाहेरून ऐकायला कोण राहिलं असतं?"

जेवताना तू प्रविणचा विषय काढलास आणि ते हात धुवायला उठले. त्याचं मलाही वाईट वाटलं. पण ते ताटात भात तसाच ठेवून उठले नाहीत, भात संपवून उठले. या घरात त्याला अर्थ असतो. थोडा वेळ दे.

आता आवाजाचं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लहान्या आणि माणसं शेडवर चढलीत. पत्रे ठोकण्याचा आवाज दिवसभर चाललाय. खाली उभं राहून पप्पा ओरडतात, "उजवीकडे घे, उजवीकडे!" शेजारच्या वाडीतून विचारायला आले, काय चाललंय म्हणून.

जानेवारीत रजिस्टर लग्न करायचं म्हणताय ना? मी येणार. साडी काढून ठेवली आहे.

मम्मी


घोलवड
१८ फेब्रुवारी २०१९

दिशा,

पोचल्याचा तुझा निरोप मिळाला. लोणावळ्याला थांबलात हे बरं केलंत.

पुण्याला लग्नात, पप्पा का आले नाहीत म्हणून विचारलं तेव्हा मी काहीतरी सांगितलं, चिकूचा हंगाम आहे, माणसं मिळत नाहीत वगैरे. लाल गाडी तू पुण्याला न्यायचं ठरलंच होतं, तेव्हा प्रविण म्हणाले, "मग आम्हीच येतो ना, गाडी न्यायला." मी हो म्हटलं. फाटकातून आत आल्यावर पप्पा घरात निघून गेले तर काय करायचं, याची मी तयारी करून ठेवली होती. सुरण तळायचं, खूप बोलायचं, वेळ काढायचा.

तसं काही करावं लागलं नाही. प्रविण येऊन बसले, पाणी प्यायले आणि सरळ पप्पांना म्हणाले, "काका, मला वाडी दाखवाल का? मला झाडांतलं काही कळत नाही." पप्पा चप्पल घालून निघाले. तू आणि मी खिडकीशी उभ्या होतो, आपल्याला नुसत्या दोन पाठी दिसत होत्या. एका झाडाखाली फार वेळ थांबले होते. काय बोलले ते पप्पांनी मला सांगितलेलं नाही. प्रविणने तुला सांगितलं असेल, तर मला सांगू नकोस. त्या दोघांचं त्यांच्यात राहू दे.

जेवताना मात्र मजा आली. तू म्हणालीस की प्रविणना गाडी लागते, वळणांवर तर फारच, आणि रॅलीवालीने असा नवरा केला म्हणून ऑफिसात सगळे चिडवतात. तेव्हा पप्पा हसले. मी कितीतरी दिवसांनी त्यांना ताटावर हसताना बघितलं. आणि तू मध्येच "भावेश असता तर याला मुद्दाम घाटातून नेलं असतं," म्हणालीस. मी प्रविणच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते म्हणाले, "मग मी बसने गेलो असतो." आणि भात वाढून घेतला.

तुम्ही गेल्यावर मी बराच वेळ अंगणातच काहीबाही झाडत राहिले. शेडमध्ये आता क्रेट लागलेत, छतापर्यंत. रूपी काल येऊन गेली. तिला तुझ्या लग्नाचे फोटो दाखवले. एकात मी हात वर करून उभी आहे, तो बघून ती म्हणाली, "ह्याला नाचणं नाय बोलत काकी." मी म्हटलं, पुढच्या वेळी.

पप्पा आत्ता मागे येऊन उभे राहिलेत. कुणाला लिहितेस, म्हणून विचारलं. दिशाला, म्हटलं. म्हणतात, खाली थोडी जागा ठेव. म्हणून मी इथेच थांबते. पेन त्यांच्याकडे देते.

मम्मी


दिशा,

मला पत्र लिहायची सवय नाही. तुमची गाडी निघाली तेव्हा मी मागे विहिरीजवळ होतो. स्टेशनच्या वळणापर्यंत आवाज येत होता. एकसारखा होता. दुसऱ्या गिअरमध्ये तू जास्त ओढतेस, तेवढं कमी कर. टाकी कधी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नकोस आणि आठवड्यातून एकदा तरी लांब फिरवत जा.

डिकीत चिकूची पेटी आहे. वरचे लगेच खा, खालचे अजून कच्चे आहेत.

मे महिन्यात आंबे उतरतील, तेव्हा दोघं या. निघायच्या आधी त्यांना पोटभर खायला देऊ नकोस, खिडकी उघडी ठेव आणि आवळासुपारी तोंडात धरायला सांग. जावई सासरी येताना वाटेत आजारी पडला, असं आपल्या घरात व्हायला नको.

पप्पा